शुगरमुळे नसा खराब झाल्या तर मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंना 15 वर्षं शुगर आहे, पायाला मुंग्या येतात आणि हल्ली उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तर हो, दोन्हीचा संबंध असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण आमच्या नानांचं हेच झालं होतं.

इथे नसा म्हणजे संदेश नेणारे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत. शुगरने पायाच्याच नसा जातात असं आपल्याला वाटतं, पण हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्या आपोआप सांभाळणाऱ्या नसाही जातात. आपण उभं राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं, ते मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला लगेच कळतं, मग नसांमार्फत खालच्या वाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. नसाच खराब असतील तर बीपी धाडकन उतरतं. मेंदूच्या वाहिन्या एरवी स्वतः सैल होऊन प्रवाह सांभाळून घेतात, पण जुन्या शुगरमध्ये ती ताकदही कमी झालेली असू शकते, मग मेंदूला रक्त कमी पडतं.

नाना पहाटे लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारातच कडी धरून खाली बसले, चेहरा पांढराफटक, मान आणि खांदे दुखतायत म्हणत होते. शुगर लगेच बघितली, 142, म्हणजे ती उतरलेली नव्हती. दवाखान्यात नेहमी खुर्चीत बसवून बीपी घ्यायचे आणि नॉर्मल म्हणायचे, दोन वर्षं असंच गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं झोपवून घेतलं, वरचं 148, उभं केल्यावर तिसऱ्या मिनिटाला 104! तीन मिनिटांत वरचं 20 किंवा खालचं 10 ने उतरलं तरी तो दोष धरतात. नाडी जेमतेम चारने वाढली, त्यावरून त्यांना नसांचा संशय आला.

आईंचं बीपी असंच झोपवून आणि उभं करून घ्यायला सांगा, गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, काही गोळ्यांनीही उभं राहिल्यावर बीपी उतरतं. नानांची प्रोस्टेटची गोळी बदलली तेव्हा बराच फरक पडला, पण स्वतःहून काही बंद करू नका. व्हिटॅमिन बी12 पण तपासा, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय हलवत बसू दे, रात्री लाइट चालू ठेवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात उचलेना तर मात्र बीपी बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.