कोळसा बंद होणार म्हणतात, मग पोरीनं इलेक्ट्रिकल घ्यावं का?

प्रश्न : मी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला आहे. मुलगी बारावीला असून तिला इलेक्ट्रिकल घ्यायचंय. 2030 पर्यंत देशाची अर्धी वीज कोळशाशिवाय होणार, असं वाचलं. मग या शाखेत नोकऱ्या राहतील का? एका खासगी कॉलेजात 'क्लायमेट'ची पदवी आहे, तिकडे पाठवू का?
– एक पालक, नागपूर

उत्तर : भाऊ, अर्धी वीज नव्हे, अर्धी क्षमता. क्षमता म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण जोरात चालली तर जेवढी वीज होऊ शकेल, तेवढी. सौर, पवन, जल, अणू मिळून या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा, हे ते उद्दिष्ट. ते 2025 मध्येच गाठलं गेलं. तरी निम्म्याहून बरीच जास्त वीज आजही कोळशाचीच आहे, कारण सूर्य रात्रपाळी करत नाही. तुम्ही करता.

देशाचं दुसरं उद्दिष्ट कार्बन उत्सर्जनात 45 टक्के कपातीचं, 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत. ही कपात एकूण उत्सर्जनात नाही, जीडीपीच्या दर रुपयामागच्या उत्सर्जनात आहे. एकूण आकडा वाढत असतानाही ती साधू शकते. आणि निव्वळ शून्याचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेण्याचं, वर्ष 2070. तोवर तुमची मुलगी रिटायर झालेली असेल!

इलेक्ट्रिकलच घेऊ द्या. रात्रीसाठी वीज साठवणं, दुपारी सौर वीज वाढली की ग्रिड सांभाळणं, ही सगळी कामं याच शाखेची. 'क्लायमेट'च्या पदवीला माझा सरसकट विरोध नाही, पण बारावीनंतर लगेच नको. माहितीपत्रकावर हिरवी पानं पुष्कळ असतात. अभ्यासक्रमात मशीन्स आणि पॉवर सिस्टिम्स किती, ते बघा. नंतर एम.टेक.ला हवं ते करता येईल. व्हीएनआयटी ही राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था गावातच आहे, जेईई मेनचा अभ्यास मनापासून होऊ द्या.

शिवाय 2023 मध्ये देशात कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना आली. सिमेंट, अॅल्युमिनियमसारख्या उद्योगांना आता दर टन मालामागे उत्सर्जनाची मर्यादा आहे; त्याहून कमी केलं तर क्रेडिट मिळतात आणि ती विकता येतात. आणि चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने काही कमी नाहीत. मोजणारी, तपासणारी माणसं लागणार. ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा इंजिनिअरला देता येते, मात्र आधी कामाचा अनुभव हवा.

एका युनिट विजेला किती कोळसा जळतो, तुमच्याकडे हीट रेट (एका युनिटमागे लागणारी उष्णता) कसा काढतात, हे या रविवारी तिला कागद-पेन घेऊन दाखवा. त्यात तिला गोडी वाटली, तर मला पुन्हा पत्र लिहायची गरज पडणार नाही.