रँड मेला कोणत्या तारखेला?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या प्लेगवरचं तुझं दुसरं प्रकरण वाचलं. पान १४ वर ‘२२ जून १८९७ रोजी रँड ठार झाला’ असं वाक्य आहे आणि तळटिपेत एका लोकप्रिय पुस्तकाचं नाव. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या दोघांवर झाडल्या गेल्या: प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट. आयर्स्ट जागीच गेला. रँड मेला ३ जुलैला. चूक त्या पुस्तकाची, पण आता ती तुझ्या नावावर लागली. त्या लेखकाने तारीख कुठून घेतली हे तू पाहिलंच नाहीस.

१८९७ चा ‘केसरी’चा अंक हे प्राथमिक साधन, त्यावर नंतर कुणी अभ्यास करून लिहिलं ते दुय्यम, एवढं तुला ठाऊक आहे. दुय्यम साधनाचं वय मात्र बघत जा. १९२० च्या सुमाराचं चरित्र प्लेगच्या हकिकतीसाठी दुय्यम. प्लेगची आठवण पुढे कशी जपली गेली हा तुझा प्रश्न असेल, तर तेच प्राथमिक.

शोधताना एका भरवशाच्या ग्रंथापासून दोन्ही दिशांना जा. इतिहासकार डेव्हिड आर्नल्ड यांच्या १९९३ च्या ‘कलोनायझिंग द बॉडी’ या पुस्तकात प्लेगवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या टिपांतून मागे जाता येतं. गूगल स्कॉलरवर त्या पुस्तकाच्या नोंदीखाली ‘साइटेड बाय’ दाबलंस की पुढे, म्हणजे त्याचा आधार घेतलेल्या लेखनाकडे जाता येतं. त्या यादीतच पुन्हा शोध घे, आणि इंग्रजीत ‘पूना’ हे जुनं स्पेलिंग टाक. नुसतं ‘पुणे’ टाकलंस तर निम्मा माल हातातून जातो. मराठीत ‘प्लेग’बरोबर त्याचं जुनं नाव ‘ग्रंथिक सन्निपात’ही शोध. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंधाची प्रकरणं सुटी असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघड. प्रबंध कसा आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. जुन्या मासिकांतले बरेच मराठी लेख नेटवर सापडत नाहीत. त्यासाठी पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ गाठावं लागेल.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाचा नाही, आतल्या शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढ. आवृत्ती, पुनर्मुद्रणाचं साल, प्रकाशक, सगळं तिथे असतं. पीडीएफवर पानाचा आकडा स्क्रीनवरचा घेऊ नकोस, छापलेला घे. प्रस्तावनेच्या पानांमुळे दोन्हींत वीस-पंचवीसचा फरक सहज पडतो. लेखकाचे शब्द वहीत उतरवताना अवतरणचिन्हं त्याच क्षणी घाल. तीन महिन्यांनी ते वाक्य आपलंच वाटू लागतं.

आता तुझं हे वाक्य बघ: ‘प्लेगच्या काळात लोकांत असंतोष होता (आर्नल्ड १९९३).’ हे सांगायला आर्नल्ड कशाला हवेत? आणि पान कुठलं? त्याऐवजी असं करता येईल: ‘सक्तीची तपासणी आणि विलगीकरण लोकांना शरीरावरचा हल्ला वाटला, असं आर्नल्ड मांडतात. पुण्यातल्या तक्रारींत मात्र देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरलेले गोरे सोजीर वारंवार येतात; इथे शरीराइतकाच घराचा उंबरठाही पणाला लागला होता.’ पहिल्या वाक्याला पानासह आर्नल्ड, तक्रारींना वृत्तपत्राचा अंक आणि तारीख. उंबरठ्याचं म्हणणं तुझं, त्याला तळटीप नको. क्रियापदंही तोलून वापर. ‘सुचवतात’, ‘मांडतात’ आणि ‘सिद्ध करतात’ यांत फरक आहे. तू सगळ्यांना सरसकट ‘सिद्ध’ करायला लावलं आहेस.

इंग्रजी परिच्छेद मराठीत आणला की तो आपला झाला, असा गैरसमज विद्यापीठांत फार आहे. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती असं भाषांतर बऱ्याचदा लागत नाही, परीक्षकाच्या मात्र लागतं. थेट उताऱ्याचं भाषांतर असेल तर अवतरणचिन्हं, पान आणि ‘अनुवाद माझा’ हवंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून कुणी तेवढी उचलेगिरी हक्काची समजू नये. नीट श्रेय दिलेले उतारे आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. तेव्हा आकडा कमी करायला अवतरणं मोडून शब्द फिरवत बसू नकोस. फिरवाफिरवीत अर्थ बिघडतो आणि उसनवारी तशीच राहते.

‘केसरी’तला उतारा तू दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला असशील तर तळटिपेत आधी ‘केसरी’चा अंक, मग ‘यात उद्धृत’ आणि ते पुस्तक, पानासह. थेट ‘केसरी’ लिहिलंस तर न पाहिलेला अंक पाहिल्याचं सांगितलंस. जमेल तिथे मूळ अंकच काढ. उतारे मधेच तोडलेले असतात.

‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधीच्या टिपेतलंच पुस्तक’) मात्र शेवटच्या मसुद्यापर्यंत लिहूच नकोस, लेखकाचं आडनाव आणि पान लिही. मधे एक नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो. तुझी टीप २३ बघ: आर्नल्ड यांचं वाक्य ‘केसरी’च्या नावावर गेलं आहे. ती आणि पान १४ वरची तारीख दुरुस्त करून प्रकरण पुन्हा पाठव.