खोट्या नोंदीवर सही नाकारली म्हणून ऑफिसात त्रास होतोय. ख्रिस्ती माणसाने काय करावं?

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचा, पण सिंहांच्या गुहेकडे जायची घाई करू नका. दानीएल राजाचा अधिकारी होता; विरोधकांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली. ती सापडेना, म्हणून प्रार्थनेवर बंदी आणवून त्यांना त्याच्यावर डाव टाकावा लागला. तुमच्याबाबतीत तसंच आहे ना, हे आधी तपासा. टोमणे खरंच विश्वासामुळे आहेत, की अर्धवट कामामुळे, की येताजाता केलेल्या उपदेशामुळे? चुकीबद्दल मार खाण्यात मोठेपणा नाही, असं प्रेषित पेत्राने स्पष्टच लिहिलंय (1 पेत्र 2:20).

सही करू नका, पण पर्याय द्या. दानीएलानेही राजाचं अन्न नाकारताना भांडण काढलं नाही, दहा दिवस पाहा अशी विनंती केली. समजा नोंदीत खोटी तारीख टाकायला सांगितलंय, तर "ही तारीख मला लिहिता येणार नाही, उशिराचं कारण लिहून मंजुरी मागू या," असं साहेबांना एकट्यात सांगा. तरी दबाव आला तर सूचना लेखी मागा, रीतसर तक्रार करा. प्रेषित पौलानेही फटक्यांआधी आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला होता (प्रेषितांची कृत्ये 22:25). मंडळीत सोसण्यावर प्रवचनं भरपूर होतात, या वचनावर कमी. नोकरी जाऊही शकते. घरच्यांशी आजच बोलून ठेवा.