डॉलरचा भाव कोण ठरवतं, आणि फीसाठी डॉलर आता घ्यावेत की थांबावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. डॉलरचा भाव नेमका कोण ठरवतं, गूगलवर दिसतो त्यापेक्षा बँक जास्त भाव का लावते, आणि मुलीची अमेरिकेतली फी ऑगस्टमध्ये भरायची आहे तर आता भरावी की थांबावं. खाली जाता जाता लिहिलंय, "बँकेतल्या लोकांना हे आधीच कळत असणार." नुसते तीन प्रश्न असते तर मी कदाचित लिहायला बसले नसते. हे शेवटचं वाक्य मात्र मी तीस वर्षांहून जास्त काळ घरात ऐकत आले आहे, म्हणून लिहिते.

नागपुरात एका सरकारी बँकेच्या परकीय चलन विभागात माझी सगळी नोकरी गेली. १९९१ मध्ये मी तिथे क्लार्क होते. तेव्हा भाव खरोखरच 'ठरवला' जायचा. सप्टेंबर १९७५ पासून रुपया पौंडापासून सोडवून काही चलनांच्या टोपलीला बांधलेला होता. टोपलीत कोणतं चलन किती, हे गुपित. रिझर्व्ह बँक पौंडाचा भाव सांगायची, आणि त्याला लंडनचा पौंड-डॉलर भाव लावून डॉलरचा भाव निघायचा. आमच्याकडे तो मुंबईहून टेलेक्सवर, म्हणजे तारेनं येणाऱ्या छापील संदेशानं, यायचा. मी तो फळ्यावर खडूनं लिहायचे: टीटी बाइंग, बिल बाइंग, टीटी सेलिंग, बिल सेलिंग. टीटी म्हणजे खात्यातून थेट पाठवलेल्या पैशांचा भाव, बिल म्हणजे हुंडीचा; बाइंग म्हणजे बँक घेते तो, सेलिंग म्हणजे बँक विकते तो. दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत आकडे. माझ्या अक्षरातला एकही आकडा कधी चुकला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

माझ्या भासऱ्यांचा, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, हिंगणा एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या वस्तू बनवायचा लहान कारखाना होता. त्यांनी तैवानहून एक मोल्डिंग मशीन मागवलं. ४०,००० डॉलर, १८० दिवसांची मुदतीची हुंडी, आणि ती भरायची १२ जुलै १९९१ ला. एलसी, म्हणजे विकणाऱ्याला दिलेलं बँकेचं हमीपत्र, दुसऱ्या बँकेत होती, माझा त्या व्यवहाराशी संबंध नव्हता. जानेवारीत डॉलर १८ रुपयांच्या वर होता. मी दादांना जेवताना म्हटलं, फॉरवर्ड कव्हर घेऊन टाका, म्हणजे आजच्या भावावर थोडा प्रीमियम देऊन जुलैत कोणत्या भावानं भरायचं ते आजच पक्कं होईल. ते म्हणाले, "भाव सरकारचा, सरकार सांभाळेल. वरून प्रीमियम काहून भरायचा? तो तर सट्टा झाला."

जूनपर्यंत डॉलर हळूहळू २१ वर आला. देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यातच २० टन सोनं परदेशात गेलं होतं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेनं आणखी ४६.९१ टन तारण ठेवलं. रिझर्व्ह बँकेच्या तिजोऱ्या नागपुरातही आहेत, त्यामुळे गावात सोन्याच्या चर्चेला ऊत आला होता. इतवारीत सराफ विचारायचे, "मॅडम, काही खबर?" मॅडमकडे काय खबर असणार!

सोमवारी, १ जुलैला, सकाळी टेलेक्स आला आणि आकडा मी दोनदा वाचला. डॉलर साधारण २१ वरून २३ वर. मला वाटलं छपाईत काहीतरी घोळ आहे. मॅनेजरांनी मुंबईला ट्रंक कॉल लावून खात्री केली, मगच मी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा घरी आले. चपला काढायच्या आधी विचारलं, "आता काय करू? उद्या भरून टाकू की १२ पर्यंत थांबू?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हतं. आमच्या बँकेत सगळे म्हणत होते की एकदा अवमूल्यन झालं, म्हणजे सरकारनं रुपयाचा भाव खाली आणला, की झालं, आता पुन्हा काही वर्षं नाही. १९६६ ला एकाच झटक्यात ४.७६ वरून ७.५० केला होता, तसंच हे असणार. दादांच्या बँकेतही त्यांना हेच सांगितलं गेलं. ते थांबले.

बुधवारी, ३ जुलैला, दुसरा टप्पा. डॉलर २६ च्या घरात. दादांचे फक्त त्या तीन दिवसांत दोन लाखांच्या जवळपास जास्तीचे गेले, आणि बुधवारी सकाळी भाव यायच्या आत हुंडी भरून टाकली असती तर त्यातले लाखभर वाचले असते. माझा पगार तेव्हा महिन्याला तीन हजारांच्या आसपास होता. मशीन आलेलं, माल निघत नव्हता. जाऊबाईंच्या पाटल्या इतवारीत गहाण पडल्या, आणि मी त्यांच्यासोबत त्या दुकानात गेले होते.

मग ते वाक्य सुरू झालं. "तू तिथे बसून राहिली अन् तुला माहीत नाही?" मग, "माहीत होतं, सांगितलं नाही." मग लग्नात, बारशात, महालक्ष्म्यांच्या जेवणात, पाहुण्यांसमोर. माझे मिस्टर शांत माणूस, ते ताटाकडे बघत बसायचे.

आता हे नीट वाचा, कारण हीच तुमच्या वाक्याची उत्तरपत्रिका आहे. त्या अवमूल्यनाबद्दल पुढे सगळं बाहेर आलं. ते दोन टप्प्यांत करायचं हे पंतप्रधान नरसिंह राव, अर्थमंत्री मनमोहन सिंग, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वेंकिटरमणन, डेप्युटी गव्हर्नर रंगराजन अशा मोजक्या लोकांना माहीत होतं. पहिल्या टप्प्यानंतर गदारोळ झाला आणि दुसरा टप्पा थांबवावा असं राव यांना वाटू लागलं. ३ जुलैच्या सकाळी मनमोहन सिंगांनी रंगराजन यांना फोन केला. तोवर नवा भाव जाहीर झालेला होता. म्हणजे देशाचा पंतप्रधान त्या सकाळी जे थांबवू शकला नाही, ते आदल्या संध्याकाळी नागपुरातल्या एका क्लार्कबाईला कळलेलं होतं, असं दादांचं म्हणणं. माझा पुतण्या ही साइट वाचतो. त्यानं हा परिच्छेद दादांना वाचून दाखवावा.

माझी चूक एकच, आणि ती मी मान्य करते. "मला माहीत नाही" एवढंच बोलून मी गप्प बसायला नको होतं. "माहीत नाही, म्हणूनच उद्या सकाळी आधी भरा" असं म्हणायला हवं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला ठामपणे सांगायची तेव्हा हिंमत नव्हती.

आता तुमचा पहिला प्रश्न. ती पद्धत गेली. मार्च १९९२ ला दुहेरी भाव आला, निर्यातदाराच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी भावानं आणि ६० टक्के बाजारभावानं. मार्च १९९३ ला दोन्ही भाव एक झाले. तेव्हापासून डॉलरचा भाव बँकाबँकांच्या आपसातल्या खरेदी-विक्रीतून निघतो. तेल कंपन्यांना आणि सोनं आणणाऱ्यांना डॉलर हवे असतात; सॉफ्टवेअर कंपन्या आणि आखातातून घरी पैसे पाठवणारे डॉलर आणतात; परदेशी फंड शेअर बाजारात आले की आणतात, गेले की घेऊन जातात. रिझर्व्ह बँक म्हणते, आम्ही अमुक एक पातळी धरून बसत नाही, फक्त फार जोराचे हेलकावे आवरतो. ते ती डॉलर विकून किंवा घेऊन करते, बहुधा सरकारी बँकांमार्फत. म्हणून गोल आकडा जवळ आला की मुंबईचे डीलर सरकारी बँकांकडे डोळे लावून बसतात. जगभरात एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला साडेसात लाख कोटी डॉलरची चलनं हातोहात फिरत होती आणि दर १०० सौद्यांपैकी ८८ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. या पसाऱ्यात उद्याचा भाव नागपुरातल्या बर्डीच्या शाखेत कुणाला कळणार?

काही लोक म्हणतात, सरकारनं पुन्हा भाव बांधून टाकावा. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ वर. त्यांच्याकडे तेलाचे डॉलर येतात म्हणून ते जमतं. आपल्याकडे काय होतं ते मी फळ्यावर खडूनं लिहिलंय. भाव बांधला की ताण आतल्या आत साठत राहतो आणि मग एका सोमवारी सगळा एकदम लोकांच्या अंगावर येतो. रोज दहा-वीस पैसे घसरणारा रुपया मला हजारदा चालेल. 'रुपया पडला म्हणजे देशाची इज्जत गेली' हे बोलणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

२०१३ चंही सांगते. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नांकी बाँडखरेदी कमी करण्याबद्दल बोलले आणि ५५ च्या आसपासचा डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. पुतण्यानं, तो आता कारखाना बघतो, एप्रिलमध्येच सुट्या भागांच्या बिलासाठी फॉरवर्ड घेतलेला होता. त्याला फटका बसला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर दादा म्हणाले, "काकूनं आतून सांगितलं असेल." म्हणजे १९९१ ला सांगितलं नाही म्हणून मी दोषी, आणि २०१३ ला सांगितलं म्हणून पुतण्या हुशार नाही! तो प्रत्येक बिलावर कव्हर घेतो, कधी चुकत नाही. कितीतरी वेळा प्रीमियम भरून डॉलर होता तिथेच राहिला, ते पैसे गेले, त्याची तो तक्रार करत नाही. आणि प्रीमियम म्हणजे बँकेचं भाकीत नव्हे. रुपयावर व्याज जास्त, डॉलरवर कमी, त्या दोन व्याजांतला फरक मुख्यतः फॉरवर्डच्या भावात उतरतो. हे दादांना मी कागदावर हिशेब मांडून दोनदा समजावलं आहे.

गूगलचं थोडक्यात: तो घेण्याच्या आणि विकण्याच्या मधला भाव असतो, त्या भावानं कुणीच तुम्हाला डॉलर देत नाही. बँकेच्या तक्त्यात तुम्ही टीटी सेलिंगचा रकाना बघा. बरेच पालक नोटांचा रकाना बघून हबकतात. रक्कम मोठी असेल तर तक्त्यातला कार्ड रेट मान्य करू नका, डीलिंग रूमचा, म्हणजे बँकेच्या चलन खरेदी-विक्रीच्या खोलीतला, चालू भाव मागा. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा ग्राहकांसाठीचा ऑनलाइन चलन खरेदी-विक्रीचा मंचही आहे, त्याबद्दल शाखेत विचारा. टाळाटाळ केली तर लेखी विचारा.

थांबावं का? नाही. तुमचं उत्पन्न रुपयात, देणं डॉलरमध्ये आणि तारीख ठरलेली. निम्मी फी आत्ता भरा, निम्मी जुलैत. डॉलर खाली आला तर निम्म्यावर फायदा, वर गेला तर निम्मी वाचली. 'अजून आठ दिवस बघू' म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, तो घरातला कर्ता पुरुष असला तरी. आणि बँकेतल्या ओळखीच्या माणसाला "तुम्हाला काय वाटतं" असं विचारून मग त्याच्या नावानं बोटं मोडू नका.

काही गोष्टी राहिल्या. रुपया ऑगस्टपर्यंत वधारूही शकतो, मी हमी देत नाही. शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर पैसे कधी सुटतील ते बँकेच्या हातात असतं, तिथे हे निम्म्या-निम्म्याचं जमेलच असं नाही. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि टीसीएसचे, म्हणजे पैसे पाठवताना बँक कापून घेते त्या कराचे, नियम बदलत राहतात, ते सीएला विचारून घ्या. मुलीचा व्हिसा अजून व्हायचा असेल तर आधी कॉलेजचे परताव्याचे नियम वाचा, कारण परत आलेले डॉलर बँक बाइंगच्या भावानं घेते आणि दोन्ही बाजूंनी पैसे जातात. फॉर्म भरताना परदेशातल्या बँकेचा खर्च आपल्याकडे घ्या, नाहीतर मधली बँक तिचं शुल्क कापते, फी थोडी कमी पोहोचते आणि कॉलेज नोंदणी अडवून ठेवतं. पैसे गेले की स्विफ्ट संदेशाची, म्हणजे बँकेनं परदेशी बँकेला पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत त्याच दिवशी मागून घ्या.