परवान्याचं रिव्हॉल्व्हर दिवसभर कमरेला वागवायचं तर कोणतं घ्यावं आणि होल्स्टर कसं असावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रावेर भागात केळीचा व्यापार आहे, शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे पैसे घेऊन रोज फिरावं लागतं आणि स्वसंरक्षणाचा परवाना नुकताच हातात आलाय. आता .३२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) असं काय घ्यावं, जे मे महिन्यातही कमरेला टोचणार नाही आणि कोणाच्या नजरेत येणार नाही, हा तुमचा प्रश्न. पोट थोडं सुटलंय हेही सांगितलंत ते बरं केलं, कारण होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, कुठे बसेल हे त्यावरच ठरतं. माझं धरणगावकडे जिनिंगचं काम आहे. कापसाच्या हंगामात रोकड घेऊन ये-जा असते, त्यामुळे बरीच वर्षं रिव्हॉल्व्हर कमरेला आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो: पैसे पहिले पट्ट्यावर आणि होल्स्टरवर घाला, रिव्हॉल्व्हर त्यानंतर. लोक उलटं करतात. आवडलेलं शस्त्र घेतात, सोबत मिळालेलं नायलॉनचं ढिलं कव्हर लावतात, आणि थोड्याच दिवसांत ते कमरेवरून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं. तिथे ते गाडी धुणाऱ्या पोराच्या आणि गॅरेजवाल्याच्या हाताशी असतं. जे टोचतं ते माणूस काढून ठेवतो, आणि भरलेलं शस्त्र कुठेतरी काढून ठेवणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून आरामाला मी चैन समजत नाही.

झाकून ठेवणं ही तर आपल्याकडे आवडीनिवडीची बाब नाहीच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या तशा साधनात हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा ताबा हवा. शर्ट वर करून मूठ दाखवणारे लोक लग्नात, ढाब्यावर तुम्ही पाहिले असतील. ते सरळ नियम मोडतात, आणि चोरालाही पत्ता देतात.

आता शस्त्र. ९ मिमी आणि .३८ हे आपल्यासाठी प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे निवड बहुतेक .३२ आणि .२२ एवढ्यातच. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ हे .२२ चं रिव्हॉल्व्हर साधारण २५० ग्रॅमचं, खिशात मावणारं. पण रोकड सांभाळायची तर मी .३२ च सांगेन. त्यात कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’, २०१४ मध्ये आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम. आणि २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबळ’, काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) बाजूला उघडणारं. आधीची सरकारी रिव्हॉल्व्हरं मधून मोडून उघडायची.

हलकं म्हणजे आरामाचं, असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. चांगल्या पट्ट्यावर ७०० ग्रॅम दिवसभर जाणवत नाहीत, आणि मऊ पट्ट्यावर ५०० ग्रॅमही पँट ओढत राहतात. बाहेरून उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे. नळी तर पँटीतच असते. म्हणून नळी थोडी लांब असली तरी चालेल, मूठ मात्र आखूड आणि गोलसर बघा. फक्त हातात घेतल्यावर करंगळीला थोडा तरी आधार मिळाला पाहिजे.

‘अशनी’सारखं .३२ चं पिस्तूल चपटं असतं आणि कपड्याखाली रिव्हॉल्व्हरपेक्षा नक्कीच चांगलं लपतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर ही त्याची सगळ्यात जाड जागा, तीच बरगडीखाली रुतते. तरीही पहिल्याच शस्त्राला मी रिव्हॉल्व्हरच घ्यायला सांगतो. भरलंय की रिकामं ते उघडल्याबरोबर दिसतं. हॅमर (मागचा घोडा) न ओढता चालवायचं तर ट्रिगर लांब आणि जड ओढावा लागतो, त्यामुळे चुकून दाबला जाण्याची शक्यता कमी. पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, एक राउंड (काडतूस) राहू शकतो, आणि घरात शस्त्र साफ करताना माणसं जातात ती इथेच. कोणाचं जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेत असाल, तर हॅमरवर मार बसला तरी काडतूस उडू नये अशी अडवणूक त्यात आहे का, ते गन हाऊसमध्ये उघडून दाखवायला लावा. नसेल तर सिलिंडरमधलं हॅमरखालचं घर रिकामं ठेवून सहापैकी पाचच काडतुसं भरायची.

पट्टा दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा, आडवा धरला तर वाकून न पडणारा हवा. पट्टा ओवायच्या होल्स्टरच्या पट्ट्या त्याच रुंदीच्या हव्यात, नाहीतर ते मागे-पुढे सरकत राहतं आणि तुमचा हात दर पाच मिनिटांनी तिकडे जातो. शस्त्र वागवणारा माणूस ओळखू येतो तो फुगवट्याने कमी आणि असा सारखा हात लावल्याने जास्त.

पँटीच्या आत बसणारं होल्स्टर सगळ्यात चांगलं लपतं, पण पँट कमरेत दीड-दोन इंच सैल शिवून घ्यावी लागते. लोक तेवढं करत नाहीत आणि होल्स्टरला नावं ठेवतात. जागेचं म्हणाल तर बेंबीला घड्याळाचे बारा धरून उजव्या हाताच्या माणसाने साडेतीन ते चारच्या जागी, म्हणजे कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे झुकलेली. पोट असलेल्याला पुढे बेंबीजवळ ठेवणं जमत नाही; खाली बसलं की नळी जांघेत आणि मूठ पोटात. ऐन पाठीच्या मध्यावर तर कधीच नको. मोटरसायकलवरून पडलात तर ते लोखंड सरळ मणक्यावर येतं.

होल्स्टर घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे, तोही बाहेरून दाबला तरी न दबणाऱ्या कडक चामड्याने किंवा कायडेक्सने (एक कडक प्लास्टिक). शस्त्र काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना आतला कपडा ट्रिगरमध्ये अडकत नाही. आणि रिकामं शस्त्र, दोनदा उघडून रिकामं असल्याची खात्री करून, होल्स्टरसकट गादीवर उलटं धरा. पडलं तर ते होल्स्टर नको. तयार मापाचं नीट मिळालं नाही तर शस्त्राच्या मापावर चामड्याचं शिवून घ्या. अंगाच्या बाजूला चामड्याची एक जीभ वरपर्यंत ठेवायला सांगा. तिच्यामुळे हॅमर कातडीला घासत नाही आणि घामही थेट धातूवर जात नाही.

घाम हा आपल्या जळगाव-भुसावळकडचा मोठाच प्रश्न. पारा ४४-४५ वर गेला की दुपारपर्यंत होल्स्टर ओलं होतं. आत लांब सुती बनियन घाला, तो होल्स्टर आणि अंग यांच्या मध्ये राहू द्या. रात्री शस्त्र पुसून तेलाचा हलका हात द्या आणि होल्स्टरमधून बाहेर काढून लॉकरमध्ये ठेवा. ओल्या चामड्यात रात्रभर राहिलेल्या पोलादावर गंज चढायला वेळ लागत नाही. होल्स्टर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, कडक होऊन तडकतं.

कपड्यांत आपली पांढऱ्याची आवड आड येते. पातळ पांढऱ्या नेहरू शर्टातून काळं चामडं स्पष्ट दिसतं. जाड सुती, चौकडीचा किंवा गडद बुशशर्ट, एक माप मोठा, बाहेर सोडलेला, हे सगळ्यात सोपं. नाडीच्या पायजम्यावर होल्स्टर लावूच नका. नाडी वजन धरत नाही. पायजमाच घालायचा असेल तर पोटाला बांधायचा रुंद लवचीक पट्टा मिळतो, पण त्याच्या कप्प्यात ट्रिगर झाकणारं कडक कवच आहे का ते बघून घ्या. दुचाकीवर वाऱ्याने शर्ट मागून उडतो, तेव्हा वरून साधं बिनबाह्यांचं जाकीट घाला. कारमध्ये आपल्याकडे चालकाच्या सीट बेल्टचं बक्कल डावीकडे असतं, त्यामुळे उजव्या कमरेला त्याचा त्रास नाही. सीट बेल्टचा पट्टा मुठीवरून नाही, तिच्या पुढून घ्या.

खांद्याचं आणि घोट्याचं होल्स्टर आपल्या उन्हात आणि आपल्या कपड्यांत विसराच. पैशांच्या बॅगेतही शस्त्र नको. बॅग हिसकावली गेली तर दोन्ही जातील.

सातपुड्यापलीकडून येणाऱ्या स्वस्त गावठी कट्ट्याची गोष्ट कोणी काढली तर उठून जा. विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि ते हातातच फुटण्याची भीती वेगळी.

परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक आणि जमावात शस्त्र नेण्याला मनाई असते. म्हणजे मुक्ताईची यात्रा असो की सारंगखेड्याचा घोडेबाजार, शस्त्र घरी. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर जमा करून पावती घ्या आणि ती परवान्यासोबत ठेवा.

आणि तुमच्यासाठी खास: रावेरहून तुमचा माल आणि पैसा बुऱ्हाणपूरला जात असणार, पण ते मध्य प्रदेशात आहे. परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असेल तर सीमेपलीकडे तेच शस्त्र बेकायदा ठरतं. क्षेत्र वाढवून हवं असेल तर कारण आणि व्यवहाराची कागदपत्रं लावून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. ते होईपर्यंत बुऱ्हाणपूरच्या फेरीला शस्त्र लॉकरमध्ये ठेवा आणि पैसे बँकेतून पाठवा.