अमेरिकेत कॉलेजचे बेसबॉल कोच मुलांना निवडताना नेमकं काय बघतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा टेक्सासमध्ये दहावीत आहे, शाळेच्या टीममध्ये सेकंड बेसवर खेळतो, घरात बेसबॉल कळणारं कुणी नाही आणि कोच कशावरून मुलं निवडतात याचा काही पत्ता लागत नाही. आमचंही अगदी असंच होतं. मी नाशिकची, नवरा सांगलीचा, दोघंही क्रिकेटवर वाढलेले. इथे न्यू जर्सीत मुलगा आठव्या वर्षी बेसबॉलला चिकटला, पुढे कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) झाला आणि आता एका डिव्हिजन थ्री कॉलेजकडून खेळतो. कॉलेजच्या खेळात तीन डिव्हिजन असतात, वन सगळ्यात वरची. मधली चार वर्षं त्याच्या ट्रॅव्हल टीमचं, म्हणजे शाळेबाहेरच्या, गावोगावी जाऊन खेळणाऱ्या टीमचं स्कोअरबुक मी लिहायचे. स्कोअर लिहिणाऱ्याची खुर्ची होम प्लेटच्या मागे, जाळीला लागून असते आणि कॉलेजचे कोचही स्टॉपवॉच, रडार गन घेऊन तिथेच बसतात. चार उन्हाळे त्यांच्या शेजारी बसून जे पाहिलं, ऐकलं, तेच सांगते.

कोच मैदानावर येतो तेव्हा त्याच्या डोक्यात रिकाम्या जागांची यादी तयार असते. दोन वर्षांनी आपले दोन कॅचर बाहेर पडणार, डावखुरा पिचर (गोलंदाज) एकच उरणार, सेंटरफिल्डला कुणी नाही, असं. तुमचा मुलगा कितीही छान खेळला आणि त्या कॉलेजात त्याच्या जागेवर आधीच दोन पहिल्या वर्षाची मुलं असली, तर कोच त्याला नाकारत नाही, त्याच्याकडे बघतच नाही. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि तोवर प्रत्येक नकार मुलानं स्वतःच्या खेळावर घेतला. म्हणून हे आधी सांगतेय. कुठल्याही कॉलेजला ईमेल करण्यापूर्वी त्यांच्या वेबसाइटवरचं रोस्टर, म्हणजे टीममधल्या मुलांची यादी, उघडा आणि मुलाच्या जागेवर कोण आहे, कितव्या वर्षाला आहे, ते बघा.

या जागा हल्ली आणखी आवळल्या आहेत. डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलची सुमारे ३०० कॉलेजं आहेत. २०२४-२५ पर्यंत प्रत्येक टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या, त्याचे तुकडे करून मुलांना वाटत. २०२५-२६ पासून, खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यातली कोर्टातली तडजोड मान्य केलेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, पण टीममध्ये जास्तीत जास्त ३४ मुलं ठेवता येतात. आधी ४० होती. त्या ३४ मधली जवळजवळ निम्मी पिचर. शिवाय ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळायची मुभा २०२१ मध्ये एकदाच होती, २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा आहे. त्यामुळे कोचसमोर एकीकडे तुमचा सोळा वर्षांचा मुलगा असतो आणि दुसरीकडे कॉलेजचे दोनशे ॲट-बॅट (बॅटिंगच्या खेपा) खेळलेला एकवीस वर्षांचा पुरुष. नोकरी टिकवायची असलेला कोच कुणाला घेईल, हे सांगायला नको.

आता आकड्यांकडे येते, कारण सुरुवात तिथूनच होते. पिचरला वेग लागतो. उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू ताशी ८८-९० मैलांच्या आसपास गेला की डिव्हिजन वनचे कोच सरसावून बसतात. ९० मैल म्हणजे १४५ किलोमीटर, आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजाएवढा. डावखुऱ्याला दोन-तीन मैल माफ असतात, कारण डावखुरे कमी सापडतात. आउटफिल्डरची ६० यार्डांची धाव बघतात, ती ६.८ सेकंदांच्या आत यावी. बॅटरचा चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतो ते मोजतात. या गोष्टी आधी मोजण्याचं कारण साधं आहे. धावण्याचा वेग आणि हाताची ताकद कॉलेजात येऊन फार वाढवता येत नाही, बाकीचं शिकवता येतं असा कोच लोकांचा विश्वास असतो.

कॅचरचं मोजमाप मला सगळ्यात जवळून माहीत आहे. धावपटू सेकंड बेस चोरायला पळतो तेव्हा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडल्याचा 'फट्' आवाज आला की कोचचा अंगठा स्टॉपवॉचवर दाबला जातो. कॅचर उठतो, चेंडू उजव्या हातात घेतो, १२७ फुटांवर फेकतो, आणि तिकडे तो शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरच्या) ग्लोव्हमध्ये पडला की अंगठा पुन्हा दाबतो. याला पॉप टाइम म्हणतात. दोन सेकंद किंवा त्याच्या आत आलं तर डिव्हिजन वन. माझ्या मुलाचं २.१ च्या खाली कधी सातत्यानं आलं नाही. त्या एक दशांश सेकंदासाठी त्यानं गॅरेजमध्ये दोन हिवाळे रबरी चेंडू भिंतीवर मारून हातात घ्यायचा सराव केला. फरक पडला, पण पुरेसा नाही.

आकड्यांच्या जोडीला कोच मुलाचं शरीर बघतात, आणि तेही आजचं नाही, चार वर्षांनंतरचं. मनगट किती जाड आहे, खांदे किती रुंद आहेत, पावलं मोठी आहेत का. एका कोचनं माझ्या नवऱ्याशी हात मिळवताना त्यालाच विचारलं, तुमची उंची किती? तेव्हा ते खटकलं. नंतर लक्षात आलं की मुलगा अजून किती वाढेल याचा तो अंदाज घेत होता. कुमार रॉकर या पिचरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आईकडून भारतीय वंशाचा, वडील एनएफएलमध्ये फुटबॉल खेळलेले, स्वतः साडेसहा फुटांच्या जवळ. वांडरबिल्ट युनिव्हर्सिटीकडून पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्यानं ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) घेत नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. सगळ्यांची अंगकाठी तशी नसते, आणि जी नाही ती मुलाच्या माथी मारू नका. खाणं, झोप आणि वजनांचा व्यायाम एवढंच आपल्या हातात असतं. त्यातही झोप.

पण आकडे फक्त दार उघडतात. आत कोण जातं, ते मी एका जुलैच्या दुपारी पाहिलं. तापमान पस्तीसच्या वर, मुलांचा त्या दिवशीचा दुसरा सामना. माझ्या शेजारी एक कोच वहीत नुसत्या उभ्या रेघा ओढत होते. मला वाटलं, पिचरचे चेंडू मोजतायत. बेसवर कुणी नसताना बॅटरनं जमिनीलगत चेंडू मारला की कॅचरनं अंगावरचं सगळं चिलखत घेऊन फर्स्ट बेसच्या मागे पळत जायचं असतं. शॉर्टस्टॉपचा थ्रो हुकला तर तो अडवायला. दहातल्या नऊ वेळा थ्रो नीट येतो, कॅचर उगाच पळून परत येतो, आणि प्रेक्षकांत कुणाच्या ते लक्षातही येत नाही. ते कोच माझ्या मुलाच्या त्या फेऱ्या मोजत होते. सामना संपल्यावर त्यांनी मला विचारलं, या मुलाचं नाव काय, आणि हा सातव्या इनिंगलाही गेला, रोज जातो का? मी सांगितलं की मी त्याची आई आहे, त्यामुळे माझं मत धरू नका, स्कोअरबुक बघा. ते हसले आणि त्यांनी ते खरंच चाळलं. आज तो त्यांच्याच टीममध्ये आहे. त्या दुपारी त्याला एकही हिट मिळाली नव्हती.

त्याच सामन्यात आमचा शॉर्टस्टॉप, हातानं आणि पायानं माझ्या मुलापेक्षा कितीतरी सरस, स्ट्राइकआउट झाल्यावर हेल्मेट आपटून डगआउटच्या टोकाला जाऊन बसला. पुढचा बॅटर कोण आहे हेही त्यानं पाहिलं नाही. कोचनी त्याच्या नावापुढे काही लिहिलं. काय ते मला दिसलं नाही, पण सामन्यानंतर ते त्याच्याकडे गेले नाहीत. पोरगा गुणी होता, वाईट दिवस होता एवढंच. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आणि हो, आईवडिलांकडेही लक्ष असतं. अंपायरवर ओरडणारे, मुलाला पाणी द्यायला डगआउटपर्यंत जाणारे पालक कोचला चार वर्षं नको असतात.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते, कारण आपल्या घरांत ते सांगावं लागत नाही. डिव्हिजन वनसाठी ठरावीक १६ विषय आणि त्यांत २.३ जीपीए (४ पैकी सरासरी) ही किमान अट आहे. पण मार्कांचा खरा उपयोग पैशांत होतो. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, आयव्ही लीगमध्येही नसते. तिथल्या कोचला असा मुलगा हवा असतो ज्याला ॲडमिशन ऑफिस नाकारणार नाही. आमच्या मुलाला मार्कांवर जी सूट मिळाली, ती बेसबॉलमुळे मिळू शकली असती त्याहून बहुधा जास्तच होती. तुमच्याकडे सॅन अँटोनिओचं ट्रिनिटी डिव्हिजन थ्रीतच आहे, २०१६ मध्ये ते राष्ट्रीय विजेते होते. तेव्हा थ्री म्हणजे दुय्यम असं मनात आणू नका. ज्युनिअर कॉलेजचा रस्ताही टेक्सासमध्ये भक्कम आहे. रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट हे मेजर लीगचे नामवंत पिचर, दोघंही सॅन जसिंटो या दोन वर्षांच्या कॉलेजातून पुढे आले.

आमची एक चूक मात्र तुम्ही करू नका. नववीत असताना मुलाच्या नावानं एका मोठ्या कॉलेजच्या कॅम्पचं पत्र आलं आणि आम्ही हुरळून गेलो. पैसे भरले, विमानानं गेलो. तिथे दीडशेच्या आसपास मुलं होती आणि मुख्य कोचनी त्याचा एकही थ्रो पाहिला नाही. नियम असा आहे की अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत डिव्हिजन वनचा कोच मुलाशी निवडीबद्दल बोलू किंवा लिहू शकत नाही, पण कॅम्पची पत्रं पाठवू शकतो. म्हणून ती ढिगानं येतात. त्या तारखेआधी ईमेलला उत्तर आलं नाही तर खचू नका, आणि कॅम्पचं पत्र आलं म्हणून हुरळूही नका. खरी आवड असलेला कोच मुलाचा एखादा विशिष्ट सामना सांगतो, ट्रान्सक्रिप्ट (शाळेची मार्कांची नोंद) मागतो, स्वतःचा फोन नंबर देतो. ईमेल मुलानंच लिहायची. आईनं लिहिलेली ईमेल त्यांना दोन ओळींत ओळखू येते.

आता तुमच्या मुलाबद्दल. सेकंड बेस ही अवघड जागा आहे, हे स्पष्ट सांगते. कॉलेजांत सेकंड बेसवर उभी असलेली बरीचशी मुलं हायस्कूलला शॉर्टस्टॉप होती. त्यामुळे त्याला बघताच कोचच्या मनात येतं, हा शॉर्टस्टॉप का नाही? हात कमी पडतो का? याचं उत्तर त्यानं खेळातून द्यायला हवं. या उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीमच्या कोचला सांगून काही सामने शॉर्टला आणि काही आउटफिल्डला खेळू द्या. डाव्या हातानं बॅटिंग करत असेल तर ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहायला सांगा, त्याला वेगळी किंमत आहे. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा पुरे, त्यावर संगीत नको. बॅटिंग बाजूनं आणि समोरून घ्या. फिल्डिंगमध्ये डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघं बाद) नक्की घ्या, सेकंडला चेंडू पकडून अंगावर धावपटू येत असताना फर्स्टला फेकताना त्याचे पाय दिसले पाहिजेत. आमच्या टीममधल्या एका मुलाच्या व्हिडिओत नेमके पायच कापले गेले होते आणि तो सगळा पुन्हा काढावा लागला, म्हणून कॅमेरा थोडा मागे, फर्स्ट बेसच्या बाजूला ठेवा.