बुलेटीनमधली ३ मीटरची लाट : तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचे मिस्टर वर्सोव्याहून ट्रॉलरवर जातात. ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला की मोबाईलवर वॉर्निंग येते, पण तांडेल (बोटीचा कप्तान) म्हणतो लाट ३ मीटरच लिहिलीय, एवढी आपण नेहमीच काढतो. खरंच चालतं का?
– एक वाचक, वर्सोवा

ताई, हे उत्तर तांडेलाला वाचून दाखवाच. हवामानाच्या बुलेटीनमधली ३ मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे, त्या समुद्रातल्या सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, म्हणजे त्याच पाण्यात दिवसभरात एखादी ६ मीटरची पण उठू शकते आणि ती कधी उठेल ते कोणी सांगू शकत नाही. वाऱ्याचं पण तेच. 'ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५' असं लिहिलं की लोक ४५ लक्षात ठेवतात, बोट आडवी होते ती मात्र झोतात. ३४ नॉट, म्हणजे ताशी साधारण ६३ किमीचा वारा सलग वाहायला लागला की तो बोफर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ८ नंबर, 'गेल' म्हणजे सोसाट्याचा वारा. लाटांची टोकं तुटून तुषार उडायला लागतात, वाऱ्याच्या दिशेने फेसाचे लांबच लांब पट्टे पडतात. हे पट्टे दिसले म्हणजे परत फिरायची वेळ आधीच टळलेली असते.

नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा, इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या फोरकास्टमध्ये ते असतात. अडीच मीटरची लाट १२ सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात चढते-उतरते, कारण खोल पाण्यात ती लाट सव्वादोनशे मीटर लांब असते. तीच ६ सेकंदांनी आली तर लांबी जेमतेम ५६ मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर यायच्या आत पुढची लाट डेकवर.

आणि सगळ्यात वाईट जागा खाडीच्या तोंडाशी! पश्चिमेचा वारा आत ढकलतोय, ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय, त्यात वर्सोव्याला गाळ, लाटा उभ्या राहतात आणि तिथेच फुटतात. घाई करून आत घुसण्यापेक्षा खोल पाण्यात नाळ वाऱ्यावर धरून ओहोटी संपू द्यायची. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ चालू ठेवा, आणि कोस्ट गार्डचा १५५४ तुमच्या पण फोनमध्ये सेव्ह हवा.

प्रश्न : पेपरात येतं 'आज ४.८ मीटरच्या लाटा उसळणार'. हे खरं असतं का?
– दादर

नाही हो. ४.८ ही भरतीच्या पाण्याची पातळी, लाटेची उंची नाही. लाटा तिच्यावर वेगळ्या. म्हणून मोठी भरती आणि जोराचा वारा एकाच वेळी आले की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यापासून लांबच राहा.

प्रश्न : मुलगा मुंबई हायला, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला आहे. वारा पडून दोन दिवस झाले तरी त्याला बोटीने आणत नाहीयेत.
– डोंबिवली

काका, वारा पडला म्हणून समुद्र लगेच पडत नाही. उठलेली लाट वाऱ्याशिवाय शेकडो किलोमीटर जाते. प्लॅटफॉर्मवरून बोटीवर माणसं उतरवतात ती क्रेनला लटकवलेल्या बास्केटमधून, बास्केट टेकणार एवढ्यात खालचं डेक ३ मीटर वर आलं तर काय होईल विचार करा. उशीर होतोय तो बरा आहे, आणि मुलाला फोनवर 'ये लवकर' म्हणून टोचू नका. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी १७ मे २०२१ ला हिरा ऑइल फील्डजवळ पी-३०५ बार्जचे नांगर सुटले, बार्ज बुडाली, सत्तरच्या वर माणसं गेली. एवढी मोठी बार्ज होती ती, तरी नांगर टिकले नाहीत.

प्रश्न : बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा १ किंवा २ नंबरचा बावटा असला तर बाहेर जायला हरकत नाही ना?
– ससून डॉक

हरकत आहे! ३ नंबर म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका खुद्द बंदराला. १ आणि २ म्हणजे बंदर ठीक आहे पण गडबड बाहेर समुद्रात आहे, आणि तुम्ही तिकडेच चाललाय.